गाडीतून न उतरता खाडी

माझ्या मुलीला तिच्या खुर्चीतून सोडवायला मला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. म्हणजे खुर्ची गाडीच्या तळाला बांधलेली असेल तर. चार पट्टे खुर्चीचे, एक छातीवरचा, एक मांड्यांवरचा, आणि मानेची कॉलर. मोबाइलवर वेळ लावून मी हे करून पाहिलं, आमच्या सोसायटीच्या आवारात, भर दुपारी. घाम पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. दुसऱ्या वेळी बरोबर दोन मिनिटं. त्याच्या खाली काही मला जाता आलं नाही.

गाडी पाण्याखाली जायला किती वेळ लागतो, ते मी शोधलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही.

मुलगी बावीस वर्षांची आहे. तिला स्नायूंचा आजार आहे, लहानपणापासून. मान थोडी वळते, उजव्या हाताची बोटं चालतात. दिवसा ती विजेच्या खुर्चीवर असते आणि झोपताना नाकातोंडावर मास्क लावून एक मशीन तिला श्वास घ्यायला मदत करतं. डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं तळमजल्यावरचं घर आहे, ते तिच्यासाठीच घेतलेलं. नवरा एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मी पतपेढीत नोकरी करायचे, ती बारावीला गेली तेव्हा सोडली. ती स्वतः घरी बसून व्हिडिओंची सबटायटल्स लिहिते, आणि आमच्या तिघांत सगळ्यात वेळेवर काम करणारी तीच.

सहलीची गोष्ट तिनं एका रविवारी काढली. पोहे खाऊन झाले होते. तिनं आम्हाला दोघांना तिच्या स्क्रीनसमोर बसायला सांगितलं. स्क्रीनवर एक पांढरी लांबुळकी गाडी होती.

"हे काय?" तिच्या बाबानं विचारलं.

"मोटरहोम. आत बेड आहे, बाथरूम आहे, ओटा आहे. मागच्या दाराला रॅम्प लागतो. ठाण्यात खोपटला एक जण भाड्यानं देतो, ड्रायव्हरसकट. मी त्याच्याशी बोललेय."

"तू बोललीस?" मी म्हटलं.

"दोन आठवडे बोलतेय."

सात वर्षांपूर्वी आम्ही एका थंड हवेच्या ठिकाणी गेलेलो. हॉटेलवाल्यानं फोनवर लिफ्ट आहे म्हणून सांगितलेलं. लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोहोचायला सहा पायऱ्या होत्या. चार वेटरांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि चौथ्या पायरीवर एकाचा पाय सटकला. ती पडली नाही. हसली सुद्धा. पण त्यानंतर कुठे जाऊया असं तिनं कधी म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नव्हतं.

आता तिनं सगळं लिहून काढलं होतं. पनवेल, माणगाव, श्रीवर्धन, मग खाडी, आणि खाडीपलीकडे तिच्या बाबाचं गाव. तिथे माझी चुलतसासू एकटी राहते. मुलीनं ते गाव फक्त फोटोत पाहिलेलं. कुठल्या तालुक्याला कुठलं हॉस्पिटल, कुठल्या पंपावर गाडी उभी करून वीज घेता येईल, रॅम्पला किती जागा लागते, सगळं होतं. बाबाचे डोळे एवढे चमकत होते की मला त्याच्याकडे बघवेना.

"खाडीवर पूल आहे ना?" मी विचारलं.

"पूल नाही. फेरीबोट आहे. गाडी बोटीवर चढवतात. रस्त्यानं वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस जातो."

"मग घालू वळसा."

"आई, मला बोटीवरून जायचंय," ती म्हणाली. "बाकीचं सगळं तुम्ही बदला. ते नको."

मी ओट्याकडे गेले आणि पोह्यांच्या बश्या धुवायला लागले.

मला पाण्याची भीती वाटते. सांगायला लाज वाटते, कारण मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली. माझे वडील खाडीत जाळी टाकायचे आणि आता दादा टाकतो, थोडीफार, हौसेपोटीच म्हणायची. मी दहा वर्षांची असताना वडिलांच्या होडीत बसून पलीकडच्या काठाला गेलेले. येताना होडी एका अंगाला कलली आणि उलटली. बाकीचे बाहेर फेकले गेले, मी होडीच्या खाली राहिले. वर लाकूड, खाली चिखलाचं पाणी, आणि मधे हातभर काळोख, त्यात माझं तोंड. दादानं पाय धरून मला ओढून काढलं. सगळे म्हणाले, क्षणभराचं होतं. असेल. पण त्या क्षणात मी पुष्कळ वेळ होते. नंतर मी होडीत पाय ठेवला नाही, आणि शिक्षण होऊन नोकरी लागली, खाडीपासून लांब डोंबिवलीत लग्न झालं, तेव्हा मनात कुठेतरी बरंच वाटलेलं.

त्यामुळे मुलगी खाडी म्हणाली की मला ती बंद गाडीत दिसायची. दारं लावलेली, चार पट्ट्यांनी बांधलेली, आणि काचेवर मातकट पाणी चढतंय. भाजी चिरताना दिसायची. रिक्षात बसले की दिसायची. मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं एवढंच, "बोटीचं मला पटत नाही." तो म्हणाला, "अगं, त्या बोटीवर ट्रक चढतात." म्हणजे काय, ट्रक बुडत नाहीत?

ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी गाडीचा मालक गाडी घेऊन आमच्या आवारात आला. मुलीनंच त्याला तशी अट घातली होती, की एक दुपार गाडीत काढून बघू. तो भला माणूस होता. रॅम्प लावला, पट्टे दाखवले, आणि सोसायटीतल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या त्यांनाही आत येऊन बघा म्हणाला. मुलगी खुर्ची चालवत स्वतः रॅम्पवरून आत गेली. आम्ही तिला बेडवर ठेवलं, मशीन लावलं, मास्क चढवला. ऊन होतं म्हणून एसी लावला. ती डोळे मिटून पडली. नवरा आणि मालक बाहेर गाडीच्या बॅटरीबद्दल बोलत होते. मी तिच्या पायाशी बसलेले.

वीसेक मिनिटं झाली असतील. एसी बंद पडला आणि त्याच्याबरोबर मशीनचा आवाजही गेला.

तो आवाज मी रोज रात्री ऐकते. तो चालू असताना मला ऐकू येत नाही, बंद झाला की येतो. मशीननं शिटी मारायला सुरुवात केली. मुलीनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मास्कमधून तिला बोलता येत नाही. मास्कची क्लिप माझ्या बोटांना सापडेना, रोजची क्लिप, हजार वेळा काढलेली. मी ओरडले का ते मला आठवत नाही, नवरा म्हणतो ओरडलीस. तो आत आला, त्यानं मास्क काढला, तिला उठवून बसवलं. ती जागी होती आणि जागेपणी ती बराच वेळ मशीनशिवाय राहू शकते. काहीच झालं नव्हतं. एसी आणि मशीन एकत्र चालवल्यावर गाडीच्या इन्व्हर्टरनं मान टाकलेली, एवढंच.

"एसी वेगळ्या लाइनवर घेतो," मालक म्हणाला. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला दिसत होता. "मशीनला वेगळी बॅटरी देतो, ताई. दोन देतो."

"म्हणून तर ट्रायल घेतली ना," मुलगी म्हणाली.

पट्टे सोडवायचा सराव मी केला तो त्यानंतर, ती खुर्चीत बसलेली असताना. मी घड्याळ लावलं तेव्हा तिनं फक्त खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेल्यावर मी स्वयंपाकघरात नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही, आणि खोपटला फोन केला. म्हटलं, घरात अडचण आहे, आमचं रद्द करा. तो म्हणाला, "मुलीची तब्येत बरी आहे ना?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मला एवढं हलकं वाटलं की मी चहा करून घेतला आणि गॅलरीत उभी राहून प्यायले.

बुकिंग मुलीच्या नंबरवर होतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानं तिला मेसेज केला. दोन दिवस ती जेवण भरवताना तोंड उघडायची, हो-नाही सांगायची, एवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते तेव्हा म्हणाली, "तू गाडी रद्द केलीस."

माझे हात थांबले.

"रद्द केलीस त्याचं एवढं नाही," ती म्हणाली. "नळ सोडून केलीस. मला ऐकू येत होतं की नळ उगाच चालू आहे."

"अगं, मशीन बंद पडलं तेव्हा तुझा चेहरा मी पाहिलाय."

"मी तुझा पाहिला. तुझ्याकडे बघून मला भीती वाटली, मशीनमुळे नाही."

ती पुढे म्हणाली, अगदी सावकाश, कारण लांब वाक्याला तिला मधे श्वास घ्यावा लागतो. "मला रोजच भीती वाटते, आई. मास्क सरकला आणि तुला जाग नाही आली तर, असं रोज वाटतं. घरात पडून घाबरतेच ना मी. तिकडे खाडी बघत घाबरेन."

मी तेलाचे हात पुसले. पुसतच राहिले.

"तुला नेमकं काय वाटतं ते सांग," ती म्हणाली. "सगळं. मी लिहून घेते."

आणि तिनं खरंच लिहून घेतलं. एका बोटानं, एकेक अक्षर. होडीची गोष्ट तिला मी कधी सांगितली नव्हती, ती सांगितली. काचेवरचं पाणी सांगितलं. पट्टे, दोन मिनिटं. लाइफ जॅकेट घातलं तरी तिची मान पुढे पडेल आणि तोंड पाण्यात जाईल. बोटीवर गाड्या इतक्या खेटून लावतात की रॅम्पचं दार उघडणारच नाही. बोलताना मला वाटत होतं, हे ऐकून तीच आता नको म्हणेल. ती मधे एकदा म्हणाली, "मानेचं माझ्या लक्षात नव्हतं आलं," आणि ते ठळक अक्षरात केलं.

मग तिनं मामाला फोन लावला.

दादा त्याच रविवारी ठाण्याहून आला, बरोबर नारिंगी रंगाचं एक जाडजूड जॅकेट घेऊन. त्याच्या मानेमागे मोठी कॉलर होती. त्यानं भाचीचं लिहिलेलं सगळं वाचलं, चष्मा पुढे-मागे करत. मग माझ्याकडे वळला.

"काय गो, पोरीला बोटीवर बांधून कनाला ठेवतेस?"

"रस्त्याला बांधायलाच लागतं, दादा. ब्रेक मारला तर?"

"रस्त्याला बांध ना. बोटीवर कोन बांधून बसतं? ब्रेक लाव खुर्चीला, पट्टे सोड, नि मी बसतो बाजूला धरून. मी येतो तुमच्यासंगं."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी पट्टे लवकर सोडायचा सराव करत होते. आधीच सोडून ठेवायचे हे डोक्यातच आलं नाही.

"नि ह्या ज्याकिटात तोंड वर राहतं," तो म्हणाला. "पन बोलून काय उपेग नाय. पान्यात घालून बघू."

मुलीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंच्या ओळखीनं ठाण्यात एका सेंटरचा कोमट पाण्याचा तलाव मिळाला. छातीपर्यंतच पाणी. बाई स्वतः पाण्यात उतरणार होत्या, दादा उतरणार होता, नवरा काठावर मशीन घेऊन. बाई मला म्हणाल्या, "तुम्हीपण या. तिची मान तुम्हाला सगळ्यात चांगली कळते."

मी पंजाबी ड्रेस घालूनच उतरले. पाणी कमरेला लागलं आणि माझे दात वाजायला लागले, कोमट पाण्यात. पायऱ्यांच्या लोखंडी दांड्याला मी एवढं घट्ट धरलं की बाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. समोर दादानं मुलीला दोन्ही हातांवर घेतलेलं. जॅकेटमुळे ती फुगलेली दिसत होती. त्यानं तिला हळूच पाण्यावर ठेवलं. माझा एक हात तिच्या डोक्याखाली, त्याचा एक पाठीखाली.

"मी काढतो हात," दादा म्हणाला.

त्यानं काढला. ती राहिली. तोंड वर, कान पाण्यात, डोळे छताकडे.

"आता तू काढ."

मी काढला नाही. दादा थांबला, बाई थांबल्या. मुलीचे कान पाण्याखाली होते, तिला आमचं काही ऐकू येत नसणार. तिनं फक्त डोळे वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हात बोटभर खाली नेला. मग आणखी बोटभर. तिचं डोकं वरच होतं. माझ्या तळहाताला फक्त पाणी लागत होतं.

किती वेळ ते मोजलं नाही. उचलून काठावर घेतल्यावर ती म्हणाली, "मला माझं वजन जाणवलंच नाही." हे तिनं दोनदा सांगितलं, एकदा मला आणि एकदा बाबाला. रोज तिला कूस बदलायला आम्ही दोघं लागतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, पण मी ओली होते त्यामुळे कुणाला कळलं नाही.

खोपटला फोन मीच केला. सांगितलं, अडचण नव्हती, मी घाबरले होते. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. दुसरी बॅटरी मी बसवून ठेवलीय." मग मी फेरीबोटीच्या ऑफिसलाही फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं, पेशंट असेल तर गाडीतच बसू द्या, पहिल्या रांगेत घेतो, रॅम्पच्या बाजूला जागा सोडतो, चाकांना लाकडी ठोकळे लावतो.

"कधी गाडी पडलीये का हो पाण्यात?" मी विचारलं.

"मी आल्यापासून नाही, मॅडम."

"तुम्ही कधी आलात?"

"गणपतीनंतर."

हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दिवाळीनंतर निघालो. पाच जण, म्हणजे आम्ही तिघं, दादा आणि ड्रायव्हर. श्रीवर्धनपर्यंत दोन दिवस अगदी सुरळीत गेले. मशीन चाललं, दोन्ही रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही खाडीवर पोहोचलो. उतारावरून गाडी खाली घेताना मी डोळे मिटले. चाकं खडखडत लोखंडावर चढली. उघडले तेव्हा खिडकीत फक्त पाणी होतं, अगदी जवळ, तसंच मातकट.

ठोकळे लावले. रॅम्पचं दार उघडलं. दादानं पट्टे सोडले, खुर्चीला ब्रेक लावला आणि तिच्या बाजूला मांडी घालून बसला. नवऱ्यानं जॅकेट चढवलं. मी तिच्या मागे उभी राहून तिच्या मानेला हात लावून होते. बोटीनं काठ सोडला आणि गाडी अगदी किंचित हलली, इकडून तिकडे. दहा वर्षांची असताना ज्या बाजूला होडी कलली, त्या बाजूचा माझा पाय आपोआप ताठ झाला. मी मनात आकडे म्हणायला लागले, देवाचं नाव आठवेना म्हणून.

"आई," मुलगी म्हणाली. "तुझा हात कापतोय. माझं डोकं हलतंय त्यानं."

"काढू?"

"नको. राहू दे."

दारातून वारा येत होता. तिचे केस तोंडावर आले, ते मी बाजूला केले नाहीत, कारण दुसऱ्या हातानं मी खुर्चीची मूठ धरलेली. तिला बघायचं होतं ते ती केसांतूनच बघत होती. दादा तिला सांगत होता, पाण्याचा रंग कुठे बदलतो, भरती कुठपर्यंत आलीये. ती विचारत होती आणि तो सांगत होता. मला त्यातलं फारसं काही ऐकू आलं नाही. मी समोरचा काठ बघत होते आणि तो जवळ येत नव्हता. मग एकदम आला.

गावात चुलतसासूच्या घराला तीन पायऱ्या होत्या. मुलगी म्हणाली, उचलू नका. म्हातारीनंच पाट घेतला आणि मोटरहोमच्या रॅम्पपाशी येऊन बसली. तीन दिवस तिथेच बसायची, सकाळचा चहासुद्धा तिथेच प्यायची, आणि नातीला तिच्या बाबाच्या लहानपणच्या खोड्या सांगायची.

निघायच्या आदल्या दिवशी मुलीनं मला विचारलं, "परत जाताना? बोट की रस्ता? तू सांग."

खरं तर तिला बोटच हवी होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी रस्ता म्हटलं.

ती बरं म्हणाली. रस्ता सगळा वळणांचा निघाला. कॉलर असूनही प्रत्येक वळणाला तिचं डोकं एका अंगाला जायचं, म्हणून मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं, महामार्ग लागेपर्यंत. मधे तिला झोप लागली. माझ्या हातांना मुंग्या आल्या, तरी मी ते हलवले नाहीत.